क्लिंगॉन उच्चारवर्ग: दोन स्टारच्या रिव्ह्यूला शिक्षिकेचं उत्तर

नमस्कार सर,

‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषा शिकवणाऱ्या माझ्या वर्गात तुमची निराशा झाली, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. पण "बाई कधी पहिल्या अक्षरावर जोर देतात, कधी शेवटच्या; त्यांनाच नक्की माहीत नाही" हे तुमचं वाक्य मला फार लागलं. त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

जोर कुठे द्यायचा हे मी ठरवत नाही. ही भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रँड यांनी १९८५च्या शब्दकोशात ते सांगून ठेवलंय. नामाला प्रत्यय नसेल तर जोर साधारणपणे शेवटच्या अक्षरावर, असेल तर पहिल्या प्रत्ययाच्या अलीकडच्या अक्षरावर. मात्र एखादं अक्षर घसा झटकन बंद करून संपत असेल (लिहिताना ’ ही खूण), तर जोर बहुधा तिकडे जातो. म्हणून "क़ाप्-ला’" (यश) मध्ये तो "ला’" वर येतो आणि "क़ो’-नोष" (क्लिंगॉनांचा ग्रह) मध्ये "क़ो’" वर. क्रियापदात तो सहसा धातूवरच, म्हणून "जि-याज" (मला समजतं) मध्ये "याज". हे सगळं दुसऱ्या तासाच्या सुरुवातीलाच झालं. तुम्ही त्या दिवशी उशिरा जॉइन झालात आणि सरावाच्या वेळीही तुमचा माइक बंद होता.

"अख्खा तास अक्षरं तोडण्यात घालवला" असंही लिहिलंय. अक्षरं तोडल्याशिवाय जोर कुठे द्यायचा ते कळणार कसं? क्लिंगॉनमध्ये प्रत्येक अक्षर व्यंजनाने सुरू होतं आणि सुरुवातीला एकच व्यंजन चालतं, म्हणून "क़ा-प्ला’" होत नाही. "त्लि-ङान" (म्हणजे ‘क्लिंगॉन’; यातला त्ल हा एकच व्यंजन धरतात) तर आपल्याला आणखी जड. "अंग", "रंग" म्हणताना आपल्या तोंडात ङच्या मागोमाग ग येतोच, त्या सवयीने "त्लिङ्-गान" होतं. नुसत्या ङने अक्षर सुरू करायला जीभ वळावी लागते, त्याला वेळ लागतो. ड आपल्याला आयता मिळतो, ष नीट म्हणत असाल तर तोही. ते मी पटकन उरकते.

पडद्यावर नट वेगळं बोलतात, मान्य. पण मी फी घेते ती नियमाने शिकवायची.

माझं घर या वर्गांवर चालतं. तुमचा रिव्ह्यू वाचून एका ताईंनी नाव मागे घेतलं. पुढच्या बॅचपासून जोराचा तक्ता आधी पाठवायचा विचार आहे, वेळेचंही काहीतरी बघते. दुसऱ्या तासाचं रेकॉर्डिंग तुम्हाला पुन्हा पाठवलंय. एकदा सुरुवातीपासून ऐका, आणि तरी पटलं नाही तर थेट फोन करा.