माग ठेवण्याचा खर्च कोणाच्या माथी?

सोयाबीनसारख्या वनस्पतिजन्य प्रथिनांच्या जागतिक व्यापारात माल कोणत्या शेतातून आला याचा माग ठेवावा, हा या विषयावरील लेखात मांडलेला मुद्दा पटतो. खर्चाबाबत मात्र लेखक मौन बाळगतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून काढलेल्या जमिनीवरील सोयाबीन तेथे विकता येणार नाही आणि मालासोबत शेताचे अक्षांश-रेखांशही द्यावे लागतील. आमच्या लातूरकडे गावातला छोटा व्यापारी दहा शेतकऱ्यांची पोती एकाच टेम्पोत भरतो, आडतीवर त्यांचा एकच ढीग होतो, मग त्यातला दाणा कोणत्या गटनंबरातला हे कोण सांगणार? मूळ नियम ब्राझीलसारख्या देशांतील वनतोडीपायी आला (आमच्याकडे तोडायला जंगलच कुठे उरले आहे!). आपले सोयाबीन जनुकबदल न केलेले, म्हणून परदेशात त्याला वेगळी मागणी असते. त्या मागणीचा फायदा मात्र बांधावर पोहोचत नाही; शेतकऱ्यापर्यंत पोहोचते ती ओलाव्यापोटी भावात होणारी कपात तेवढी.