सुपारीतले अँटिऑक्सिडंट तोंडात गेल्यावर काय करतात?

घरोघरच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सुपारीत ग्रीन टीसारखेच अँटिऑक्सिडंट असतात, म्हणून जेवणानंतर एक खांड चघळा, कॅन्सर जवळ फिरकणार नाही. वाईट तो फक्त तंबाखू. आणि आपल्या आज्या जन्मभर सुपारी खाऊन ठणठणीत होत्याच की!

पहिल्या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. सुपारीत कॅटेचिन आणि टॅनिन ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांना निकामी करणारी द्रव्यं, भरपूर असतात. प्रयोगशाळेत हा गुण तपासायला डीपीपीएच नावाचं रसायन वापरतात; त्याच्या जांभळ्या द्रावणात सुपारीचा अर्क टाकला की रंग उतरतो, तेव्हा अर्क 'पास' होतो. पण विड्यात चुना असतो. चुन्याने लाळ अल्कधर्मी झाली की हीच द्रव्यं स्वतः ऑक्सिडाइज होतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड ही ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात. विडा रंगतो त्यामागेही हेच रसायन आहे. म्हणजे ज्यांच्यापासून पेशी वाचवायच्या, तेच गालाच्या आत बनतात. सुपारीत तांबंही बऱ्यापैकी असतं, ते त्यात भर घालतं.

चुना वगळला तरी सुटका नाही. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली कोलॅजन, म्हणजे धाग्यांसारखं चिवट प्रथिन, जास्त तयार होतं, तांब्यामुळे त्याचे धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात. टॅनिन ते विरघळू देत नाहीत; कातडं कमावताना टॅनिन वापरतात ते याच गुणासाठी. मेसेजमध्ये ज्यांचं कौतुक चाललंय, तीच ही द्रव्यं! गाल आतून पांढुरका, ताठ होतो, तिखटाने आग होते, आणि तोंडात तीन बोटं उभी जाईनाशी होतात. हा सबम्यूकस फायब्रोसिस. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

तंबाखूचं म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही गट 1 मध्ये, म्हणजे माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं. तैवानमध्ये विड्यात सहसा तंबाखू नसतो, तरी तिथे तोंडाचा कॅन्सर हा मोठा प्रश्न आहे.

आता आज्या. 1952 साली श्वार्ट्झ या संशोधकांनी या फायब्रोसिसची नोंद केली ती केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये. तेव्हा पानमसाल्याच्या पुड्या बाजारात यायच्या होत्या. तेव्हा 'पूर्वी कुणाला काही होत नव्हतं' हे सोडाच.

नागवेलीच्या पानावर माझा राग नाही. बडीशेप, खोबरं, गुलकंद घालून खुशाल खा, फक्त अडकित्ता फडताळात राहू द्या.