पाहुण्यांची गाडी

रिमोट आमटीत पडला. कसा पडला, कुणाच्या कोपरानं पडला, जेवताना तो ताटाशेजारी कशाला हवा होता, हा विषय आमच्या घरात मिटलेला आहे. निदान मी तो मिटलाय असं धरून चाललोय. रिमोट टीव्हीचा नव्हता. टीव्हीच्या पाठीमागे अंगठ्याएवढी कांडी खोचलेली असते ना, तिचा होता. तो ब्लूटूथवर बोलतो, म्हणून डोंबिवली स्टेशनाबाहेर दीडशे रुपयांत मिळणारा, ‘सगळ्याला चालतो’ असा रिमोट त्याला चालत नाही. दुकानदारच म्हणाला, “ॲप टाका ना साहेब. फोनच रिमोट. टीव्ही, साउंडबार, स्पीकर, सगळं एका ठिकाणी.”

सगळं एका ठिकाणी. हे वाक्य ऐकलं की माणसानं पाकीट चाचपावं.

ॲपनं आधी माझा ईमेल घेतला, मग मोबाइल नंबर, मग सहा आकडी ओटीपी, मग जन्मतारीख. टीव्हीचा आवाज कमी करण्याशी माझ्या जन्मतारखेचा काय संबंध, हे मी सुलभाला विचारलं. ती म्हणाली, “वय बघून आवाज वाढवत असतील.” मग त्याला माझं लोकेशन हवं होतं. मी सोफ्यावर, टीव्ही समोर, मधे सात फूट. तरी उपग्रहाला विचारल्याशिवाय ॲपला खात्री पटेना. मग ‘हे डिव्हाइस कोणत्या खोलीत आहे?’ अशी एक यादी आली. तीत डेन होतं, पॅटिओ होतं, गॅरेज होतं, तळघर होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, पाचशे साठ चौरस फुटांचं. आम्हाला तळघर असलंच तर ते दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचं डोकं. देवघर मात्र यादीत नव्हतं, आणि स्वयंपाकघरातल्या गोल स्पीकरचं नाव आधीपासूनच ‘बेडरूम’ होतं, कारण चिरंजीव बंगळुरूला जाण्याआधी तो त्याच्या उशाशी असायचा.

ह्या ॲपचं मराठी मी मुद्दाम निवडलं होतं, अभिमानानं. ‘ओह! काहीतरी चुकले.’ काय चुकले, कुणाचे चुकले, ते नाही. आणि खाली एकच बटण: ‘समजले’. दुसरा पर्यायच नाही. त्या दुपारी मी ‘समजले’ हे बटण किती वेळा दाबलं असेल ते मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी मी धडधडीत खोटं बोलत होतो. शाळेतसुद्धा ‘समजलं का?’ विचारल्यावर गप्प बसायची सोय असायची.

हे सगळं मी एकट्यानं, मुकाट्यानं सोसलं असतं. पण त्या दिवशी मिरजेहून मामा आले होते.

मामा माझे नव्हेत, सुलभाचे. वय एकोणऐंशी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेली सगळी हयात. मामांच्या मते जगात अडचणी दोनच: एक म्हणजे गाडी आलेली नाही, आणि दुसरी म्हणजे गाडी आली आहे पण माणूस चुकीच्या फलाटावर उभा आहे. पुतणीचं लग्न जमत नव्हतं तेव्हाही त्यांनी ह्याच दोन शक्यता तपासल्या होत्या म्हणे.

चहा झाल्यावर मामा म्हणाले, “जावई, एवढं सामान हाय घरात, जरा खाँसाहेब लावा की.”

मिरजेचा माणूस नुसतं ‘खाँसाहेब’ म्हणाला की ते अब्दुल करीम खाँच. ते १९३७ साली गेले, मामांचा जन्म त्यानंतरचा. तरी मामा त्यांच्याबद्दल असं बोलतात, जणू काल दर्ग्याच्या उरुसात दोघं मांडीला मांडी लावून बसले होते. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आता फोनवर सहज सापडतात. सापडल्याही. फक्त त्या फोनमधून टीव्हीखालच्या साउंडबारवर न्यायच्या होत्या. अंतर तेच, सात फूट.

मी ॲप उघडलं. ‘तुमची डिव्हाइस शोधत आहे…’ मधे एक वर्तुळ फिरत होतं. मामा खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी येऊन बसले.

“काय करतंय हे?”

“शोधतंय, मामा.”

“काय शोधतंय?”

“टीव्ही.”

मामांनी टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत टीव्हीकडे, ह्या वेळी जरा वाकून, न जाणो मधे काही आडवं आलंय की काय. “हितं तर हाय,” ते म्हणाले. अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं.

‘जवळपास कोणतेही डिव्हाइस आढळले नाही.’ समजले.

मी कांडी उपटून परत खोचली. राउटर बंद करून चालू केला. फोन बंद करून चालू केला. प्रत्येक वेळी मामा घड्याळ बघून वेळ सांगत होते. “अकरा बावन्न. अजून नाही.” तेवढ्यात एकदा ‘बेडरूम’ असं काहीतरी दिसल्यासारखं वाटलं, पण ते नुसतं जुनं नाव होतं, राखाडी, बोट लावलं की सुन्न. त्याच्याखाली ॲपनं लिहिलं होतं: ‘या घराचे मालक: सुलभा. तुमची विनंती पाठवली आहे. मंजुरीची वाट पहा.’

घराचा हप्ता माझ्या खात्यातून जातो. पण ते असो.

इथे मला उगाच एक जुनी गोष्ट आठवली. १९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीनं ‘स्पेस कमांड’ नावाचा रिमोट काढला होता. रॉबर्ट ॲडलर नावाच्या माणसाचं काम. त्यात बॅटरीच नव्हती. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर बसायची, दांडी माणसाला ऐकू न येणाऱ्या सुरात वाजायची आणि टीव्ही चॅनल बदलायचा. चार दांड्या, चार सूर, चार कामं. कधी कधी नुसती चिल्लर खुळखुळली तरी चॅनल बदलायचा म्हणतात. बदलू दे की! त्या रिमोटनं कुणाला जन्मतारीख विचारली नाही, आणि त्याला कुणाच्या बायकोची मंजुरी लागली नाही. सत्तर वर्षं झाली. एवढ्या काळात आपण कुठे पोचलो, तर सात फुटांवरचा टीव्ही न सापडण्याइतके पुढे.

हे मी मामांना सांगायला गेलो. मामा ऐकत नव्हते. त्यांनी माझ्या फोनवर वाय-फायची यादी उघडून ठेवली होती आणि चष्मा कपाळावर चढवून ती वेळापत्रकासारखी वाचत होते.

“हे तीन काय हायती? ‘घर’, ‘घर फाइव्ह जी’, ‘पाहुणे’.”

मी सुस्कारा टाकला. सांगितलं, की हे फाइव्ह जी म्हणजे मोबाइलचं फाइव्ह जी नव्हे. ते आपल्याकडे २०२२च्या ऑक्टोबरात आलं, तिथे जी म्हणजे जनरेशन, पिढी. इथे जी म्हणजे गिगाहर्ट्झ. एकाच राउटरमधून दोन लहरी निघतात, २.४ आणि ५. पाचवाली वेगवान, पण भिंतीपलीकडे दमते. २.४वाली सावकाश जाते, पण लांब पोचते…

“म्हणजे एक शिवनेरी आणि एक लाल गाडी,” मामा म्हणाले.

“म्हणजे?”

“शिवनेरी जोरात जाती, पण वाडीवर जात न्हाई. लाल गाडी रखडत जाईल, पण वाडीवस्ती सगळी घेती. आगार एकच.”

मी वीस मिनिटं जे समजावणार होतो ते ह्या माणसानं दोन वाक्यांत संपवलं, ह्याचा राग मी इथे नोंदवून ठेवतो.

“आणि ही ‘पाहुणे’?”

“ती बाहेरच्यांसाठी, मामा. कुणी आलं-गेलं तर त्यांना द्यायची. तिच्यावर इंटरनेट चालतं, पण घरातल्या बाकीच्या वस्तू तिला दिसत नाहीत. मुद्दामच तसं ठेवतात. पाहुण्यानं आपल्या कपाटात डोकावू नये म्हणून.”

“अस्सं.” मामांनी चष्मा नाकावर घेतला. फोन माझ्यासमोर धरला. नखानं एका ओळीवर दोनदा टकटक केलं. “मग तुम्ही कुठल्या गाडीत बसलाय, जावई?”

‘पाहुणे’समोर बरोबरची खूण होती.

मी त्या खुणेकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. मामा काहीच बोलले नाहीत. चुकीच्या फलाटावर उभ्या असलेल्या, हातात पिशव्या आणि कडेवर पोर घेतलेल्या माणसाकडे आयुष्यभर ज्या नजरेनं बघितलं असेल, त्याच नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

चिरंजीवांना फोन लावला. लगेच उचलला, म्हणजे तोही रिकामाच होता.

“अरे, माझा फोन ‘पाहुणे’वर कसा?”

“मीच टाकला होता, बाबा. दिवाळीत आलो होतो तेव्हा.”

“का?”

तो जरा थांबला. “तुम्ही कुठल्याही लिंकवर बोट लावता ना. तो वीजबिलाचा मेसेज आठवतोय? म्हटलं, काही आत शिरलंच तर निदान आईचं सामान सुरक्षित राहील.”

आईचं सामान! दिवाळीपासून मी माझ्याच घरात पाहुणा होतो आणि मला पत्ता नव्हता, कारण इंटरनेट झकास चालू होतं. पाहुण्याला चहा मिळत राहिला की आपण पाहुणे आहोत हे त्याला कळत नाही. मी त्याला म्हटलं, निदान सांगायचंस तरी. तो म्हणाला, “सांगितलं होतं. तुम्ही ‘समजलं’ म्हणालात.”

मग सुलभा कणकेचे हात पुसत बाहेर आली. तिनं स्वतःच्या फोनवर काय केलं ते मला दिसलंसुद्धा नाही. करंगळी वापरली, कारण बाकीच्या बोटांना कणीक होती. आणि साउंडबारमधून खाँसाहेब सुरू झाले. तो बारीक, टोकदार सूर, मागे तबकडीची खरखर. मामांनी डोळे मिटले. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, त्यामुळे तेवढ्यात ते संपलंही. मामांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “बारा चव्वेचाळीस. बावन्न मिनिटं लेट.”

जाताना मामांनी विचारलं, आम्हालाबी हे ॲप मिळतंय का? सुलभानं हौसेनं त्यांच्या फोनवर टाकून दिलं. त्यांना ‘घर’चा पासवर्ड दिला. त्यांची विनंती तिथल्या तिथे मंजूर केली. ते आता आमच्या घराचे सदस्य आहेत, ॲपमध्ये त्यांचं नाव आहे, नावाशेजारी छोटा हिरवा ठिपका. माझी विनंती अजून प्रलंबित आहे. मी दोनदा आठवण केली. ती म्हणते, बघते, आधी चिरंजीवांना विचारते.

परवा सकाळी मी स्वयंपाकघरात चहा घेत त्या ‘बेडरूम’ नावाच्या स्पीकरवर बातम्या ऐकत होतो. सुलभाला लावून द्यायला सांगितल्या होत्या. पावसाचा अंदाज सांगता सांगता बाई अर्ध्या वाक्यात थांबली. कोकणात मुसळधार, आणि शांतता. मी स्पीकरला टपली मारली. पुन्हा टपली मारली. एवढ्यात माझा फोन वाजला. मिरजेहून.

“थांबली काय वो?” मामांनी विचारलं.

“कोण?”

“गाडी. हितनं हात केला तर थांबती का, ते बघत होतो.”