"भरल्या पोटी स्तुती सुचते" म्हणणाऱ्या भावाला उत्तर

भाऊ, प्रभूच्या नावात सलाम. तुम्ही नाव लिहिलं नाही म्हणून भाऊच म्हणते. संकटातही देवाची स्तुती करावी असं मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली तुमची ही लांबलचक कमेंट आली. रागात लिहू नये म्हणून दोन दिवस थांबले. राग अजून पूर्ण गेलेला नाही, खरं तेच सांगते.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. "सगळ्या परिस्थितीबद्दल आभार माना" असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. बायबलमध्ये प्रेषित पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलंय "सर्व स्थितीत", स्थितीबद्दल नाही. लेखात दुरुस्ती केलीय, बघून घ्या.

पण तुमचं ते पहिलंच वाक्य, "ताई, भरल्या पोटी स्तुती सुचते", हे कशावरून लिहिलंत? मी कोण, कुठली, काय खाऊन वाढले, काही तरी माहीत आहे का तुम्हाला? का फोटोत मागं फ्लॅटची गॅलरी दिसली म्हणून? मुद्दा मांडा ना, मी कधी नाही म्हटलंय, पण समोरच्या बाईच्या ताटात डोकावून बोलायची ही कुठली पद्धत.

मी जालना जिल्ह्यातली. आमचे पणजोबा बेथेलचे, ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं गाव ते बेथेल. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अडीच एकर मोसंबी होती. 2012 ला पावसानं दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विहीर कोरडी ठाक, बोअरमधून नुसती हवा यायची. टँकर विकत घेऊन झाडं जगवायला बघितलं, मग पैसेच संपले. फळं लिंबाएवढी असतानाच पिवळी पडून गळायची. मार्चमध्ये दादांनी स्वतः कुऱ्हाड घेतली. सहा वर्षं लेकरासारखी वाढवलेली झाडं, ती त्या वर्षी आमच्या चुलीत गेली, आणि इतकी वाळलेली होती की धूरसुद्धा होत नव्हता.

बैलजोडी चारा छावणीला नेऊन बांधली, दादाही तिथंच झोपायचे, रविवारी तेवढे घरी यायचे. एका रविवारी घरात फार उकडत होतं म्हणून आईनं संध्याकाळच्या प्रार्थनेला रिकाम्या गोठ्यातच चटई टाकली आणि दादांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं आहे त्यात. दादांनी अंजिराच्या जागी मोसंबी वाचलं. मुद्दाम का चुकून, मी कधी विचारलं नाही. गुरांच्या शब्दाला आले आणि थांबले, शेजारचा दावणीचा खुंटा हातात धरला, बराच वेळ पुढं वाचताच आलं नाही त्यांना. मग आईनंच गाणं उचललं, तिचाही आवाज फुटत नव्हता, धाकटा भाऊ डब्यावर ताल धरायला लागला आणि दादा शेवटच्या कडव्याला आमच्यात आले. त्या रात्री ठेचा होता आणि चौघांत दोन भाकरी. आता सांगा भाऊ, कुणाचं पोट भरलेलं होतं?

त्या गाण्यानं दादांचं कर्ज फिटलं नाही, दुसऱ्या दिवशी पाऊसही आला नाही, तसं मी कुठं म्हटलेलं नाही. त्या वर्षी रोज रात्री मला भीती वाटायची की दादा छावणीवरून परत येतात का नाही. ते दर रविवारी आले आणि गायले. मी स्तुती शिकले ती तिथं. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते तेव्हा पाठीवर फटक्यांचे ताजे वळ आणि पाय खोड्यात होते, त्यांच्या पोटात काय होतं मग?

बाकी तुम्ही बरंच लिहिलंय. वहिनींचं लेकरू गेलं तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांनी त्यांना रडू दिलं नाही, रडलं तर विश्वासाची साक्ष बिघडते म्हणाल्या. वाईट झालं, पण त्या बायकांचं उत्तर मी कसं देणार? बायबलमधलं स्तोत्र 88 अंधारातच संपतं हे मलाही माहीत आहे, पण त्याची सुरुवात तारणाऱ्या देवाला हाक मारून होते, तीही वाचा. आणि दुःखात बुडालेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांच्या रांगेत मला बसवलंत त्यावर मी बोलत नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

वहिनींना माझा सलाम सांगा. तुमची कमेंट मी काढणार नाही. ते पहिलं वाक्य मात्र तुम्ही स्वतःच काढा अशी विनंती आहे. दादा आता सत्तरीत आहेत, मोबाईलवर अक्षर मोठं करून माझा प्रत्येक लेख वाचतात, आणि खालच्या कमेंटपण वाचतात.