काकू, आजीबद्दल, केसांबद्दल आणि सिंकखालच्या कपाटाबद्दल

काकू, (नाव लिहिलं नाहीत, पण 'तुझ्या आईच्या वयाची आहे' म्हणालात म्हणून काकूच म्हणते) माझ्या टकलाच्या फोटोवरची तुमची कमेंट रात्री वाचली, झोप उडाली, मग परत एकदा वाचली. 'धन्यवाद, तुमच्या मताचा आदर आहे' एवढं टाकून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही इतकं मनापासून झापलंय की उत्तरही नीटच द्यायला हवं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकूंच्या आजीचं केशवपन झालं होतं, सगळं आयुष्य बिचारी विधवेच्या लाल आलवणात राहिली. ज्यातून बायका एवढ्या मुश्किलीने सुटल्या ते मी पैसे देऊन हौसेनं करून आले आणि वर फोटो टाकला, याचा काकूंना राग आलाय. शिवाय आयटी कंपनीतली एचआरची नोकरी सोडून सुतारकाम शिकायला जाणं हा एक धक्का पुरेसा होता, अशा मनःस्थितीत दुसरा मोठा निर्णय घेऊ नये, असंही त्यांचं म्हणणं. केस कॅन्सर पेशंटसाठी दिले असतेस तरी काही अर्थ होता, हेही आहे. आणि शेवटी, आमच्या सिंकखालचं कपाट फुगलंय त्याचं काय करू. (या प्रश्नामुळे तुम्ही मला भयंकर आवडलात.)

आजीचं आधी. ते वाचून मला काही सुचेना, खरं सांगते. केशवपन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकदाच घडलेला प्रसंग येतो, रडणारी बाई, न्हावी, संपलं. पण केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, म्हणजे तो न्हावी परत परत यायचा ना, आणि दर वेळी तिने परत त्याच्यासमोर डोकं खाली घालून बसायचं, वर्षानुवर्षं. आता वाढू दे म्हणायची सोयच नाही. 1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं होतं, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, तेच सत्यशोधक, गिरणी कामगारांचे पुढारी. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नाही म्हटलं, हे मला त्या सगळ्या इतिहासातलं फार मोठं वाटतं. पण तुमच्या आजीपर्यंत ते नाही पोचलं.

आणि गंमत बघा, मी गेले त्या सलूनवाल्या दादांनीही आधी नाहीच म्हटलं. आमच्या गल्लीतलंच जेन्ट्स सलून, लेडीज पार्लरवाल्या ताईंनी 'मी नाही बाई हे पाप करणार' म्हणून हात वर केले होते म्हणून तिकडे गेले. दादांनी विचारलं, ताई घरात काही झालंय का? नाही. मग तिरुपतीचा नवस? नाही. मग मिस्टरांना फोन लावून द्या, त्यांच्याशी बोलतो. म्हटलं मिस्टर नाहीत. त्यावर तो माणूस असा काही गप्प झाला की मला पटकन सांगावं लागलं, अहो लग्नच नाही केलंय मी! शेजारच्या खुर्चीवर दाढीचा फेस लावून बसलेले आजोबा खो खो हसले आणि मग कुठे मशीन सुरू झालं. आधी मशीनने सगळं उतरवलं, मग पाणी मारून अर्ध्या ब्लेडचा वस्तरा, शेवटी तुरटी. कानामागे वस्तरा आला की दादा स्वतः श्वास रोखून धरत होते, माझ्यापेक्षा तेच घाबरलेले. पैसे कटिंगचेच घेतले.

तर मुद्दा काय, त्या दादांनी मला विचारलं. दहा वेळा विचारलं. तुमच्या आजीला कोणी एकदाही विचारलं नाही. माझं टक्कल आणि तिचं टक्कल फोटोत सारखंच दिसेल, कबूल, आणि तो फोटो बघून तुम्हाला ती आठवली असेल तर राग येणं साहजिक आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण आजीवर सक्ती झाली म्हणून नातींनी केस वाढवलेच पाहिजेत, असं म्हटलं तर ती पण सक्तीच झाली ना?

आता दोन मोठे निर्णय एकदम घेऊ नयेत याबद्दल. तत्त्व बरोबर आहे, एचआरमध्ये असताना राजीनामा द्यायला आलेल्या लोकांना मीही हेच सांगायचे. पण यातला मोठा निर्णय कुठला? केस परत येतात, सहा महिन्यांत बॉयकट होतो. नोकरी तशी परत येत नाही हो, पस्तिशीनंतर, दोन वर्षं रंधा मारल्यावर एचआरमध्ये परत घ्या म्हटलं तर कोण घेणार. तरी सगळ्यांनी माझ्या डोक्याचीच काळजी केली! एकाही नातेवाईकाने विचारलं नाही की कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, मग पुढे काय? मी राजीनामा द्यायच्या आधी स्वतःची पॉलिसी काढली, कारण नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडला तर क्लेम मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना वेटिंग पिरियड असतो तो वेगळाच. गाडीचं कर्ज फेडलं, खर्चाचे पैसे बाजूला टाकले, नोटीस पिरियड पूर्ण केला आणि मग धायरीतल्या एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. घाईत केलेली गोष्ट एकच, टक्कल, आणि ती फुकटात दुरुस्त होणारी आहे.

'सुतारकामाला केस आड येत होते तर बॉयकट करायचा' हेही लिहिलंत. बरोबर आहे. ड्रिल प्रेसवर (भोकं पाडायचं उभं मशीन) मोकळे केस म्हणजे जिवाशी खेळ, फिरणाऱ्या स्पिंडलने बट पकडली की सोडत नाही, आमचे मिस्त्री त्याच कारणाने तिथे हातमोजेही घालू देत नाहीत. आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापताना उडतो तो भुसा, पिठासारखा बारीक, तेल लावलेल्या केसांत असा बसतो की शाम्पूही हरतो. पण बॉयकट आणि वरून रुमाल बांधून हे दोन्ही भागलं असतं. मी पहिल्या पोस्टमध्ये वर्कशॉपचं कारण पुढे केलंच नव्हतं, लोकांनीच ते मला बहाल केलं, कारण कारण नसलेलं टक्कल लोकांना सहन होत नाही.

तिसरा मुद्दा, केस कॅन्सर पेशंटना देण्याचा, त्याच्याशीच जोडलेला आहे. तिरुपतीला, तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर (मुंडन करतात ती जागा) रोज हजारो लोक केस देतात, त्यात बायका असतात, कोणी नावं ठेवत नाही (पुढे देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं, तेही सगळ्यांना माहीत असतं). कॅन्सरसाठी दिले की टाळ्या. आजारपणात गेले की सहानुभूती. म्हणजे बाईच्या डोक्यावर केस नसतील तर देव, दान किंवा दुखणं यातलं काहीतरी दाखवावं लागतं, नुसतं 'वाटलं म्हणून' चालत नाही. माझे केस खांद्याच्या वर होते आणि वर्षानुवर्षं स्ट्रेटनिंग करून वाट लागलेली, विग करायला लांब केस लागतात, माझे कोणाच्या काय कामाचे. पण लांब, रेशमी असते तरी मी कदाचित असंच केलं असतं.

पुरुषांचं बरं असतं. अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूलच्या एका संशोधकाचा 2012 चा अभ्यास आहे, त्यात पूर्ण टक्कल केलेले पुरुष लोकांना जास्त दबदब्याचे, उंच आणि ताकदवान वाटले (दिसायला मात्र डावे, हाहा). मला वर्कशॉपमध्ये पहिल्या आठवड्यात प्लायवाला टेम्पो ड्रायव्हर विचारत होता, मॅडम तब्येत बरी आहे ना, आणि शीट उचलू देईना. मिस्त्री म्हणाले, उचलने दो, पगार उसी का लेती है. विषय संपला.

हां, त्रास सांगते, म्हणजे नुसतं कौतुक नको. खुंट वाढायला लागले की उशीच्या अभ्र्यात अडकतात, कूस बदलता येत नाही. पुण्याच्या उन्हात टोपी विसरलात तर टाळू भाजते. हेल्मेट ढिलं होतं, तेव्हा पट्टा परत बसवून घ्यायचा.

आता कपाट. फुगलंय म्हणजे साध्या प्लायचं किंवा पार्टिकल बोर्डाचं असणार, ते सुकवून परत सरळ होत नाही, नादाला लागू नका. आधी प्लंबरकडून गळती बघून घ्या, नाहीतर नवंही फुगेल. मग सिंकखालचा भाग बीडब्ल्यूपी (म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायमध्ये करा, शीटवर आयएस 710 चा शिक्का स्वतः बघा. दुकानदार म्हणेल आयएस 303 चं, साधं प्लाय पण चालतं की, स्वस्तात बसेल. बेडरूमच्या कपाटाला चालवा, सिंकखाली नको. आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नका, पाणी तिथूनच शिरतं. मापं पाठवलीत तर किती शीट लागेल तेवढं सांगते.