जपानी जेवायला जाताय? मग एवढं कराच

सगळ्यात आधी, घरून दोन पोळ्या खाऊन निघा. पोट भरणं हा असल्या जागेचा उद्देशच नाही. तिथे आपण 'एक्स्पिरिअन्स' घ्यायला जातो, आणि एक्स्पिरिअन्सनं ढेकर येत नाही.

मेनूकार्डावर उजवीकडे बघू नका. हल्ली तिथे रुपयाचं चिन्हही छापत नाहीत, नुसतंच 1850. कॅलरी समजा आणि पुढे चला.

साधं पाणी मागू नका. वेटरला ते ऐकू येत नाही.

सुरुवात एदामामेनं करा. मीठ लावून वाफवलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, वाटीभर, 650 रुपये. लातूरकडचे असाल तर तोंड मिटून खा. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न; आणि तोही पदरात पडेपर्यंत काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. (वाण वेगळं, शेंग कोवळी तोडावी लागते, गोठवून बाहेरून आणतात, सगळं मान्य. तरी साडेसहाशे?)

शाकाहारी असाल तर मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप, कशाच्या पाण्यात केलंय हे विचारू नका. सुकवलेल्या माशाचं निघालं तर उगाच सगळ्यांचा मूड जाईल.

वेटर अदबीनं वाकून सांगेल की मासा अगदी ताजा आहे. मान डोलवा. कच्चा खायचा मासा परजीवी मरावेत म्हणून बहुधा आधी कडक गोठवलेला असतो आणि तेच बरं असतं, हे तुम्हाला माहीत असलं तरी बोलू नका. मग तो सॅमन निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर कच्च्या सॅमन माशाचा काप, ठेवताना 'शेकडो वर्षांची परंपरा' म्हणेल. तेव्हाही गप्प. जपानी लोक पूर्वी सॅमन सहसा कच्चा खात नसत. 1980 च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला मत्स्यशेतीतला सॅमन तिथे खपवायला मोहीम उघडली, तिथून हे सुरू झालं. म्हणजे ही प्राचीन परंपरा आपल्याकडच्या रंगीत टीव्हीच्या वयाची आहे.

बशीच्या कोपऱ्यात हिरवा गोळा असेल. कडा वाळलेल्या असतील, तरी त्याला वासाबीच म्हणायचं. खरी वासाबी हा एक झणझणीत कंद, ती ऐनवेळी बारीक किसणीवर किसतात, पूर्वापार शार्कच्या कातडीच्या, कारण किसल्यावर थोड्याच वेळात तिचा दम जातो. आपल्या पुढ्यातली मात्र पॅकेटातून येते: हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी, हिरवा रंग. नाकात झणका गेला, डोळ्यांत पाणी आलं की 'वॉव, ऑथेंटिक' म्हणा.

निगिरी हातानं खाऊ नका. जपानात चालतं, अगदी शिष्टसंमत आहे. निगिरी मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टोकियोत, म्हणजे तेव्हाच्या एदोत, गाड्यांवर उभ्याउभ्या खायचा प्रकार होता. पण तुम्ही जपानात नाही, लोअर परळला आहात. शेजारच्या टेबलावरची बाई बघते. माझ्याकडे बघितलं.

आणि शेवटचं, सर्व्हिस चार्ज निमूटपणे भरा.

गेल्या शनिवारी आमचं चौघांचं बिल आलं. उजेड इतका रोमँटिक की वाचायला मोबाईलची बॅटरी लावावी लागली. खाणं 21,000. त्याखाली सर्व्हिस चार्ज दहा टक्के, 2,100. मग त्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, म्हणजे सर्व्हिस चार्जवरही जीएसटी, आणखी 105. मी म्हटलं, हा चार्ज काढा. वेटरनं कॅप्टनला बोलावलं, कॅप्टननं मॅनेजरला. मॅनेजर हसतमुख. 'सर, मेनूवर मेन्शन केलंय.' केलं होतं, शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. म्हटलं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 लाच सांगितलंय की हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, ग्राहकाची मर्जी. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयात हरल्या. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार करता येते. तो म्हणाला, 'सर, इट गोज टू द स्टाफ.' बरं, मग मी स्टाफच्या हातात देतो, रोख देतो, ज्यानं दोनदा चहा गरम करून आणला त्या पोराला देतो, तुम्ही ती ओळ काढा! तर म्हणे सिस्टिममधून निघत नाही. सिस्टिममध्ये घालता येते, निघत नाही! आवाज माझाच चढला होता, हे खरं. आणि तेवढ्यात आमचे साडू, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, माझा दंड धरून हळूच म्हणाले, 'जाऊ द्या हो, इथे सीन नको.' आणि कार्ड पुढे केलं.

सीन, साडूसाहेब? कायद्यानं द्यायची गरज नसलेले पैसे देत नाही म्हणणं म्हणजे सीन? सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या दोनशे रुपयांवरून दोन तास घसा कोरडा करता तेव्हा तो सीन नसतो? तुमच्यासारखे 'जाऊ द्या'वाले आहेत म्हणून ती ओळ छापतात. त्या मॅनेजरला कायदा माहीत नव्हता असं वाटतं तुम्हाला? त्याला तुम्ही माहीत होतात.

आणि घरी पोचायच्या आत पाच तारे देऊन मोकळे. 'लिटल एक्स्पेन्सिव्ह, बट वर्थ इट.' कशाचं वर्थ? लायटिंगचं, की वॉशरूममधल्या गुंडाळलेल्या नॅपकिनांचं? सुशीत मासा वर दिसतो, पण खरी परीक्षा भाताची. तो हलका कोमट हवा, दाणा न् दाणा वेगळा कळावा, पण गोळा उचलला तर सुटू नये आणि तोंडात गेला की मोकळा व्हावा. त्या रात्रीचा भात फ्रिजमधून काढलेला होता. गार, टणक, मधे कचकच. घरी इंद्रायणी जरा कणीदार राहिली तर ताट बाजूला सारणारी माणसं तुम्ही, आणि एका घासाला चारशे रुपये देऊन तो भात मिटक्या मारत खाल्लात? पाण्यापासून पार्किंगपर्यंत सगळ्यावर लिहिलंत, भातावर एक शब्द नाही. महाग असण्याला माझी हरकत नाही. चांगला मासा, चांगला हात महागच असणार, आणि तो असेल तिथे मी खुशीनं देईन. पण वाईट भाताला वाईट म्हणायलाही जपानी यावं लागतं का? जिभेला तर कळलं होतं तुमच्या. पहिल्याच घासाला तुम्ही बायकोकडे बघितलंत, मी समोर बसलो होतो.