‘डिझेल जनसेट लावा आणि खिडक्या बंद करून झोपा’: या मेसेजमधला एकेक मुद्दा

मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, वापरणाऱ्यांमध्ये एक लांबलचक मेसेज सध्या पुढे ढकलला जातोय. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, मुक्कामाची सोय गाडीतच करावी असं नाशिकमध्ये अनेकांच्या मनात आहे, त्यामुळे तो इथे जरा जास्तच वाचला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू नसतो, तेव्हा जनसेट (जनरेटर) रात्रभर चालू ठेवून एसीत बिनधास्त झोपा. सेट गरजेपेक्षा मोठा घ्या, हलक्या लोडवर तो वर्षानुवर्षं टिकतो. ऑइल बदलायला ठरलेले तास सेट चालला नसेल तर ऑइलला हात लावू नका. सेटला डिझेल गाडीच्याच डिझेल लाइनला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मारून घ्या. आवाज नको तर सेटचं खोकं चहूबाजूंनी बंद करा. आणि आरटीओचा याच्याशी काही संबंध नाही.

पहिला मुद्दा थेट जिवाशी येतो, म्हणून आधी आणि सविस्तर तोच घेतो.

पेट्रोलच्या तुलनेत डिझेल इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो, हे खरं. डिझेल इंजिन भरपूर हवा घेऊन चालतं, म्हणून. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. इंजिन थंड असताना, एअर फिल्टर तुंबलेला असताना, नोझल नीट फवारत नसताना किंवा ओव्हरलोडमध्ये हे प्रमाण चढतं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं. प्रवासात आपण त्याला पित्त म्हणतो, आडवे होतो आणि तिथेच घात होतो. शिवाय डिझेलच्या धुरात नायट्रोजन डायऑक्साइड आणि काजळीचे सूक्ष्म कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातला आहे. असा धूर उशाशी घेऊन झोपायला सांगणारा मेसेज पुढे पाठवताच कामा नये.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे जण मृत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. मोटरहोमच्या बाबतीत धुराची वाट बहुतेक वेळा खालूनच असते: वायर आणि पाण्याचे पाइप आत घ्यायला जमिनीला पाडलेली भोकं, सरकत्या दाराचं झिजलेलं रबर, मागच्या दाराची फट.

ही वाट घरच्या घरी शोधता येते. जनसेट बंद ठेवून खिडक्या लावा, छतावरचा एक्झॉस्ट पंखा चालू करा आणि पेटती उदबत्ती एकेका भोकाजवळ धरा. धूर तुमच्याकडे, म्हणजे गाडीच्या आत वळला तर ती फट हवा आत ओढतेय. सेट चालू असेल तेव्हा याच वाटेने त्याचा धूर येणार. म्हणून सेट चालू असताना छताचा पंखा बाहेर हवा फेकत असेल तर निदान एक खिडकी उघडी हवीच, तीही सेटच्या धुराच्या पाइपाच्या विरुद्ध बाजूची. फटी सीलंटने बुजवा. सेटच्या एक्झॉस्टचा पाइप बॉडीच्या कडेच्या बाहेर निघाला पाहिजे, चासीखाली संपता कामा नये. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बिछान्याजवळ, उशाच्या उंचीला लावा. हा वायू हवेइतक्याच वजनाचा असल्याने तो जमिनीलगत साचून राहत नाही. आणि श्रावणी सोमवारी त्र्यंबकजवळ खंबाळ्याच्या वाहनतळावर गाड्या खेटून उभ्या असतात, तशा गर्दीत शेजारच्याच्या सेटचा धूरही तुमच्या खिडकीत येतो. तुमचा सेट बंद असला तरी अलार्म लागतो तो यासाठी.

आता ‘मोठा सेट, हलका लोड’. हे इंजिनाच्या मुळावर येणारं आहे. ५ केव्हीएचा सेट ०.८ पॉवर फॅक्टरला ४ किलोवॉट देतो. एक टनाचा एसी चालताना साधारण १ ते १.२ किलोवॉट घेतो. मध्यरात्री गाडी गार झाली की इन्व्हर्टर एसी काही शे वॉटवर उतरतो. म्हणजे सेट रात्रभर दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं, उरलेलं काजळीत मिसळून सायलेन्सरकडे जातं. लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंगा बसत नाहीत, सेट ऑइल खायला लागतो. असा सेट ओळखायला इंजिन खोलावं लागत नाही. सायलेन्सरच्या जोडाखाली बोट फिरवा: काळं, चिकट, डिझेलचा वास असलेलं तेल बोटाला लागतं. डिपस्टिकवर ऑइल भरल्यापेक्षा वर चढलेलं आणि पातळ झालेलं दिसतं. लोड ३० टक्क्यांच्या खाली फार वेळ राहू नये, हा जनसेटवाल्यांचा जुना नियम यातूनच आलाय. मोठा सेट घेण्यामागे एसीच्या स्टार्टिंगची भीती असते, पण इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्याला तो झटका लागत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद इथे पाच-सहा टक्क्यांनी कमी धरा, तेवढं पुरे.

या दोन्ही मुद्द्यांवर उपाय एकच आहे, आणि या मेसेजला माझं खरं उत्तर तेच आहे. जनसेट संध्याकाळी भरल्या लोडवर चालवा आणि झोपायच्या आधी बंद करा. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी जवळजवळ ४.८ युनिट साठवते. गार झालेल्या, नीट इन्सुलेशन केलेल्या गाडीत इन्व्हर्टर एसी रात्रभर चालायला एवढं साधारण पुरतं. ५० अँपिअरचा चार्जर ती दोन-सव्वादोन तासांत भरतो, त्याच वेळी सेटच्या क्षमतेत बसेल तसा गीझर किंवा इंडक्शन आळीपाळीने लावा. सेटला हवा तो लोड मिळतो, आणि माणसं झोपतात तेव्हा धूर काढणारं काहीच चालू नसतं. खर्च आहे, पण मोठ्या सेटचे वाचलेले पैसे यात घाला.

ऑइलचं म्हणणं तर उलटंच आहे. कमी चालणाऱ्या सेटचं ऑइल जास्त बिघडतं. पाच-दहा मिनिटं चालवून बंद केलं की आतली वाफ उडून जात नाही, पाणी होऊन सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, राहते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उभ्या गाडीची तर बातच सोडा. नव्या सेटचं पहिलं ऑइल साधारण ५० तासांना, पुढे पुस्तिकेतल्या तासांनी, आणि तास भरोत न भरोत, वर्षातून एकदा फिल्टरसकट बदला. महिन्यातून एकदा तासभर तरी निम्म्या लोडवर चालवा. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढायला विसरू नका.

टी मारण्याचा सल्ला घाटात अडकवणारा आहे. आजच्या कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) गाड्यांच्या फीड लाइनला जोड दिला की तिथून एअर धरते, आणि गाडी कसाऱ्याच्या चढावर दम तोडते. जनसेटला टाकीतून स्वतःची पिकअप नळी आणि टाकीत परत जाणारी रिटर्न लाइन द्या. ती पिकअप नळी गाडीच्या नळीपेक्षा आखूड ठेवा. टाकीत पाव हिस्सा डिझेल उरलं की सेट आपोआप बंद पडेल आणि घरी यायला डिझेल शिल्लक राहील.

खोकं बंद करून आवाज थोडा कमी होतो, सेट मात्र स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि तापून बंद पडतो. गार हवा येण्याची आणि गरम हवा जाण्याची वाट वेगळी हवी, दोघींची गाठ पडू नये. आतून साधा फोम चिकटवू नका, तो पेटतो; ग्लासवूल आणि त्यावर जाळीचा पत्रा वापरा. गाडीत घुमणारा आवाज बराचसा चासीतून येतो. त्याला रबर माउंटिंग आणि एक्झॉस्टला लवचिक बेलो (घड्यांची नळी) हाच इलाज आहे.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचं स्वतंत्र मानक आहे. जनसेटलाही १ जुलै २०२३ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नवे निकष लागू आहेत, आणि मंजुरी मिळते ती सेटला त्याच्या सायलेन्सर-एन्क्लोजरसकट. ते कापून स्वतःचं बसवलं की अपघातानंतर विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो. म्हणून पत्रा कापायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.